अर्ध्या रेंजची टेस्ट

टेस्ट लाल झाली की सुरेखाताई भेरे आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायची. खुर्चीत बसल्या बसल्याच. मला वाटायचं, तिची पाठ दुखत असेल. पुढे एकदा तिनेच सांगितलं, "हात मोकळे असले की ते आदी दुरुस्त करायला धावतात रे. डोकं मागून येतं."

मग ती स्क्रीनकडे बघत विचारायची, "कोण चुकला? अॅप का टेस्ट?"

आमचं ऑफिस शहापुरात, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ठाण्याच्या एका कंपनीने इथे भाडं कमी आणि शिकलेली पोरं गावातच मिळतात म्हणून ही शाखा काढली होती. कंपनीचं एक मोबाईल अॅप होतं. एका संस्थेच्या आरोग्यसखी गावोगाव, पाड्यापाड्यावर फिरून गरोदर बायकांच्या आणि तान्ह्या पोरांच्या नोंदी करायच्या, त्या या अॅपमध्ये भरायच्या. ते नीट चालतं का, हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम आम्ही सांभाळायचो. त्यांनाच आम्ही टेस्ट म्हणायचो. टेस्ट माणसासारखी अॅप उघडते, नाव भरते, बटण दाबते, आणि व्हायला हवं ते झालं का बघते. झालं तर हिरवी, नाही तर लाल.

टेस्ट लिहिणं फार अवघड नाही. कटकट पुढे असते. अॅप सारखं बदलतं. ठाण्यात कोणाला तरी वाटतं, 'जतन करा' हे बटण खाली बरं दिसेल. बटण खाली गेलं की त्याला वर शोधणाऱ्या सगळ्या टेस्ट एका सकाळी लाल. त्यातल्या बहुतेकांचं काहीच बिघडलेलं नसतं, फक्त त्या जुन्या झालेल्या असतात. पण त्याच लालमध्ये एखादी खरी असते. अॅपच खरोखर मोडलेलं असतं. ती एक शोधायची म्हणजे प्रत्येकीसमोर बसायचं आणि ठरवायचं. हे काम कोणाला दिसत नाही. झाडून ठेवलेलं अंगण जसं कोणाला दिसत नाही तसं.

मी मुरबाड तालुक्यातला, सरळगावच्या बाजूचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पहिल्या दिवशी ऑफिसात ओळख करून देतानाही सांगितलं. समोरच्या टेबलावरून एक सावळी, पस्तिशीची बाई म्हणाली, "मी पण पहिलीच. बसा आता."

तीच ही सुरेखाताई. बीएस्सी गणित. किन्हवलीला दिलेली, म्हणून आमची बस एकच. दोन दिवस मी तिला मॅडम म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेणव्याच्या थांब्यावर बस बंद पडली, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम मॅडम काय लावलंस? ताई म्हण. आणि खाली उतर, ढकलायला लागणार."

तिच्या नोकरीचा अर्थ घरी कोणाला कळला नव्हता. सासू गावात सांगायची, "आमची सून मोबाईल तपासते." त्यामुळे रविवारी किन्हवलीतली माणसं बंद पडलेले फोन घेऊन तिच्या ओट्यावर यायची. पहिल्यांदा तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. बॅटरी काढायची, पुसायची, परत घालायची. अर्धे फोन त्यानेच चालू व्हायचे. "देवळापेक्षा माझ्याकडे गर्दी," असं सांगताना तिचा चेहरा अगदी गंभीर असायचा.

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. एसीच्या खोलीत तो वास दुपारभर राहायचा. एकदा ठाण्याहून सगळ्यांना मेल आली की उग्र वासाचे पदार्थ टाळावेत. सुरेखाताईने मेल वाचली, डबा उघडला आणि शेजारच्या प्रणालीला म्हणाली, "घे गो थोडं. उद्यापासून टाळू."

उद्या काही आलं नाही.

प्रणाली नवीन होती, हुशार होती, आणि तिला लाल रंग सहन व्हायचा नाही. एक टेस्ट अशी होती: तीन बायकांची नोंद करायची आणि यादीत तीन दिसतात का बघायचं. एका बदलानंतर यादीत दोनच दिसायला लागल्या. टेस्ट लाल. प्रणालीने टेस्ट उघडली, तीनचे दोन केले. टेस्ट हिरवी. दोन मिनिटांचं काम.

सुरेखाताईने ते बघितलं आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"तिसरी बाई कुठं गेली?"

"कोण बाई, मॅडम?"

"ही. तिसरी. कालपर्यंत होती ना?"

"ती टेस्टमधली आहे, मॅडम. खोटी आहे. नाव पण आपणच टाकलंय."

"खोटीच गो. पण गेली कुठं?"

प्रणाली हसली, मग हसायची थांबली. दोघी संध्याकाळपर्यंत शोधत बसल्या. ज्या बाईने आधारचा नंबर दिलेला नाही, तिला नवीन अॅप यादीतून गाळत होतं, कोणाला न सांगता. ज्यांच्याकडे तो कागद नसतो त्या बायका कोण असतात हे आमच्या भागात कोणालाही विचारा. वीटभट्टीवर जातात त्या. पाड्याच्या टोकाला राहतात त्या.

त्यानंतर ऑफिसात तो थट्टेचा विषय झाला. चहाचा एक कप कमी आला तरी कोणीतरी म्हणायचं, "तिसरी बाई कुठं गेली?" सुरेखाताई हसायची नाही, रागवायचीही नाही. चहा वाटून घ्यायची.

तिचं माहेर तानसाच्या बाजूला, रस्त्यापासून आत. तिथे तिची वहिनी सविता आरोग्यसखी होती. वहिनीची तक्रार होती की भरलेल्या नोंदी कधी कधी नाहीशा होतात. सुरेखाताईने हे ठाण्याला कळवलं. तिथला अनिकेत अॅपचा तो भाग लिहायचा. चांगला पोरगा. त्याने फोनवर सांगितलं, "ताई, मी विमान मोड टाकून बघितलं. नेट नसलं की नोंद फोनमध्ये राहते, नेट आलं की जाते. काही प्रॉब्लेम नाही."

"विमान मोडला रेंज सगळी जाते, बाळा. आमच्याकडे सगळी जात पण नाय. अर्धी येते, निम्मं घेऊन जाते नि वाटेत मरते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू ये."

आणि तो खरंच आला. पांढरे बूट घालून. मी आणि सुरेखाताई त्याला टमटममध्ये घालून घेऊन गेलो. वहिनीच्या ओटीवर बसून त्याने स्वतःच्या हाताने एका बाईची नोंद भरली. फोनच्या कोपऱ्यात रेंजची एक काडी आली. नोंद जायला लागली. काडी गेली. अॅपला वाटलं नोंद पोचली, म्हणून त्याने फोनमधली पुसून टाकली. पलीकडे तर काहीच पोचलं नव्हतं. अनिकेतने पुन्हा भरली. पुन्हा तेच झालं. तो वहिनीला म्हणाला, "सॉरी."

वहिनी म्हणाली, "चा घ्या, निवतोय."

परत गेल्यावर त्याने ते दुरुस्त केलं, आणि सुरेखाताईने त्यासाठी टेस्ट लिहिली. नेट अर्धवट देणारी, मधेच तोडणारी, परत देणारी. शेवटी ती दोन गोष्टी बघायची: वर न गेलेली नोंद फोनमध्ये उरली नाही ना, आणि पलीकडे सर्व्हरवर ती नोंद खरोखर आहे ना. टेस्टला कंपनीच्या पद्धतीने नंबर द्यायचा असतो. हिने नाव ठेवलं, 'रेंज मधेच गेली तरी बाईची नोंद हरवत नाही.' आमच्या शाखेचे साहेब म्हणाले, "मॅडम, ही टेस्ट आहे की निबंध?" आम्ही सगळे तिला अर्ध्या रेंजची टेस्ट म्हणायचो.

ती आमच्याकडची सगळ्यात हळू टेस्ट होती आणि सगळ्यात नाजूक. अॅपमध्ये काहीही हललं की आधी ती मोडायची. दर वेळी सुरेखाताई तिला उभी करायची. गणपतीत केली, भात कापणीच्या सुट्टीत केली. साहेबांनी दोनदा सुचवलं की ही एक काढून टाकू, सगळ्यांना खोळंबून ठेवते. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बाकीच्या सगळ्या काढा, ही ठेवा." तिच्या बोलण्यात विनंती कधी नसायची. त्याचं तिला पुढे नुकसान झालं असं मला वाटतं.

महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब प्रत्येकाला विचारायचे, "नवीन काय केलं?" कोणी काही, कोणी काही सांगायचं. सुरेखाताईची पाळी आली की ती म्हणायची, "जुनं चालू ठेवलं." साहेब पुढच्या माणसाकडे वळायचे. तिच्या नावासमोर काही लिहायला मिळत नव्हतं, आणि साहेबांनाही वर काहीतरी दाखवायचं होतंच. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांनाही कोणीतरी हाच प्रश्न विचारत होतं.

मग ते टूल आलं.

ठाण्याहून दोन माणसं समोसे घेऊन आली आणि त्यांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवलं. अॅप बदललं आणि टेस्टला तिचं बटण सापडलं नाही, तर हे टूल स्वतःच जवळपासचं, तसंच दिसणारं बटण शोधतं, टेस्टमध्ये ते घालतं आणि पुढे जातं. जी पायरी सारखी अडते ती गाळतं. माणसाने बघायची गरज नाही. त्यांनी आमच्यासमोर अॅपचा नवा अवतार चढवला. एरवी आम्ही आठवडाभर लाल उपसत बसलो असतो. टूलने चहा संपायच्या आत सगळं हिरवं केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खरंच भारी वाटत होतं.

सुरेखाताई हात पाठीमागे बांधून उभी होती.

"काय गो ताई, हिरवं तर आहे," मी म्हटलं.

"अर्ध्या रेंजची एवढ्या पटकन कशी झाली?"

एवढ्या सगळ्या हिरव्यात तिला तेवढंच दिसलं होतं. ती जाऊन बसली आणि टूलने काय काय बदललं ते एकेक उघडत गेली. संध्याकाळी तिने मला बोलावलं.

नव्या अॅपमध्ये न गेलेल्या नोंदीसमोरचं 'पुन्हा पाठवा' हे बटण कोणीतरी काढून टाकलं होतं. त्याच जागी, त्याच आकाराचं दुसरं बटण होतं, 'काढून टाका'. टेस्टला 'पुन्हा पाठवा' सापडलं नाही. टूलने तिला 'काढून टाका' दाबायला लावलं. नोंद पुसली गेली. मग टेस्टने बघितलं, फोनमध्ये न गेलेली नोंद उरली आहे का? नाही उरली. बरोबर. सर्व्हरवर ती आहे का, हे बघणारी पायरी अडत होती, म्हणून टूलने ती गाळली होती. टेस्ट हिरवी.

"बघ रे," सुरेखाताई म्हणाली. "नोंद हरवू नये म्हणून लिहिली, नि आता तीच रोज हरवून दाखवते. नि पास होते."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना दाखवलं. मी सोबत होतो, मीही बोललो. साहेबांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, टूल नवीन आहे, शिकेल. तुम्ही ही एक दुरुस्त करून टाका. पण सोमवारी अॅप बाहेर जाणार, ते थांबणार नाही. सगळं हिरवं आहे असं वर कळवून झालं आहे.

"टेस्टचं सोडा, सर. अॅपमध्येच बटन नाय. पाड्यावरची बाई काय दाबणार? एकच बटन हाय, तेच दाबणार."

"तसं कोणी दाबणार नाही, मॅडम. स्पष्ट लिहिलंय, काढून टाका."

"नोंद अडकलीय, ती काढून टाका म्हणजे अडचण काढून टाका असंच वाटणार तिला. मला पण वाटलं असतं."

"क्लायंटची काही तक्रार आहे का?"

"अजून अॅप गेलंच नाय त्यांच्याकडं."

"मग आपण पुढच्या वेळी बघू."

तिने अनिकेतला फोन लावला. तो कंपनी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलीला अर्ध्या रेंजचं काहीच ठाऊक नव्हतं. ती नम्रपणे म्हणाली, "तिकीट टाका ना, मॅम."

सुरेखाताईने तिकीट टाकलं, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमवर तक्रार नोंदवली. टेस्ट पुन्हा नीट लिहिली, काढलेली पायरी परत घातली. टेस्ट लाल झाली, जशी व्हायला हवी होती तशी. तिने साहेबांना कळवलं की लाल खरी आहे, अॅप चुकलंय. सकाळी येऊन बघितलं तर टेस्ट हिरवी. रात्री टूलने ती परत सुधारली होती. तिने पुन्हा खरी केली. टूलने पुन्हा हिरवी केली. हे किती दिवस चाललं मी मोजलं नाही. ती रोज सकाळी यायची, डबा ठेवायची आणि बसायची. कालचं सगळं पुसलेलं असायचं. तक्रार करायला समोर कोणी माणूस नव्हता. माणूस असता तर ती त्याला टमटममध्ये घालून माहेरी घेऊन गेली असती.

मग साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की टूलच्या कामात हात घालू नका, त्याचा हिशोब बिघडतो. तिच्या लॉगिनमधून टेस्ट बदलायची परवानगी काढली गेली. बघायची तेवढी ठेवली. त्या दिवसांत ती नुसती बघत बसायची. भिंतीवरचा स्क्रीन हिरवागार.

अॅप ठरल्याप्रमाणे सोमवारीच बाहेर गेलं होतं. महिना-दीड महिन्याने वहिनीला संस्थेच्या बाईंनी बोलावून विचारलं, तुमच्या भेटी एवढ्या कमी का? तुम्ही फिरत नाही का? वहिनी म्हणाली, फिरते. बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. स्क्रीनवर जे नव्हतं ते झालंच नव्हतं. सुरेखाताईने हे मला बसमध्ये सांगितलं, किन्हवली यायच्या थोडं आधी. "तिला वाटतं मी काहीतरी करीन. मोबाईल तपासते ना मी." मग उतरून गेली.

तिचा करार वाढवला नाही. टेस्ट सांभाळायला आता माणूस लागत नाही, हे कारण कागदावर होतं आणि ते खोटं म्हणता येणार नाही. शेवटच्या दिवशी प्रणालीने केक आणला. सुरेखाताईने कापला, सगळ्यांना दिला, निघताना मला म्हणाली, "तुला बदलायची परवानगी हाय अजून?"

"नाही, ताई. कोणालाच नाही."

"बरं."

मी अजून त्याच कंपनीत आहे. माझं काम आता असं, की टूल चालू आहे ना ते बघायचं. चालू असतं.

गेल्या हिवाळ्यात मावसभावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मी तानसाच्या बाजूला गेलो होतो. एका वळणावर रस्त्याकडेला दहाबारा बायका उभ्या दिसल्या. एकसारख्या साड्या, हातात फोन. त्यांच्यात सुरेखाताई. गाडी थांबवली.

"इकडे कशाला, ताई?"

"इथं रेंज लागते. ह्या आठवड्याच्या नोंदी घेऊन येतात नि इथून वर पाठवतात. जाईस्तोवर थांबायचं, ते बटन दाबायचं नाय. तेवढं सांगायला येते मी."

"दर आठवड्याला?"

"जमंल तशी."

"आणि बाकीच्या पाड्यांवर?"

"तिथं दाबतात," ती म्हणाली.

वहिनी तिच्या बाजूलाच होती. तिने मला ओळखलं, पण चहाचं काही म्हणाली नाही. ती फोनवर बोट टेकवून उभी होती. तिचं अॅप उघडत नव्हतं. नवीन आवृत्ती आली होती, ती टाकल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती.

"टाकू का गो, सुरेखा?"

"काय बदललंय लिवलंय का?"

"नाय. नुसतं टाका म्हणतंय."

"किती नोंदी हायेत आत?"

"सगळ्या हायेत. एक पण गेली नाय अजून." वहिनीने फोन तिच्यासमोर धरला. "टाकल्यावर आतल्या राहतील ना?"

बाकीच्या बायकाही आपापले फोन घेऊन जवळ आल्या. सगळ्यांच्या फोनवर तेच आलं होतं. सुरेखाताईने वहिनीच्या हातातला फोन घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मागे-पुढे केला. बायका तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

तिला माहीत नव्हतं.